पाहुण्यांची बाटली

गोंद लावलेलं लेबल दोन बोटांत धरून भाग्यश्री खिडकीशी आली आणि जागीच थांबली. कट्ट्यावर बाटली नव्हती.

तिनं टेबलाखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं, बेसिनपाशी वाळत घातलेल्या काचसामानात पाहिलं. तपकिरी काचेची, लहान लेकरासारखी काखेत घ्यावी लागणारी मोठी बाटली. ती काही टाचणी नव्हे हरवायला. बोटांवरचा गोंद सुकत चालला. लेबलावर तिनं लाल शाईनं ‘मर्क्युरिक क्लोराइड’ लिहून खाली ‘जहाल विष’ असं लिहिलं होतं आणि शेजारी एक कवटीही काढली होती. कवटी जराशी हसरी झाली होती. आता तिच्याकडं पाहवेना.

चूक कुणाची, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. सकाळी तिनंच ती बाटली स्टोअरच्या वरच्या फळीवरून खाली काढली होती. तिच्या आधीच्या देशकर सरांनी केव्हातरी करून ठेवलेलं पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण. त्यातलं पाणी कधीच उडून गेलेलं, तळाशी पांढरा थर घट्ट बसलेला, आणि तोही उजेडाला धरल्याशिवाय दिसत नव्हता. हात लावताच जुनं लेबल गळून पडलं. नवं लिहू म्हणून तिनं बाटली खिडकीत ठेवली, तोच परीक्षेच्या हॉलवरून बोलावणं आलं. बी.ए.चा पेपर, सुपरव्हायझर कमी. गेली ती तशीच. लेबल नसलेल्या बाटलीला हात लावाल तर याद राखा, असं वर्षभर पोरांना दटावणारी बाई बाटली उघड्यावर टाकून गेली!

कुरखेड्याच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला असलेल्या या लहानशा कॉलेजात भाग्यश्री दिघोरे गेल्या पावसाळ्यात रसायनशास्त्राची लेक्चरर म्हणून आली. आली तशी तिनं प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. पोरं पिपेट तोंडानं ओढायची, तेही गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा ठेवून. तिनं रबरी फुगे मागवले, दारात खर्ऱ्याच्या पुड्या टाकायला डबा ठेवला. अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, हे इतक्यांदा सांगितलं की पोरं तिची नक्कल करताना तेवढंच वाक्य म्हणायची. लॅब अटेंडंट हरिदास खोब्रागडे कॉलेज उघडल्यापासूनचा माणूस. त्याचाही खर्रा बंद झाला. तो निमूटपणे बाहेरच्या कडुलिंबाखाली जाऊन घोटायचा, हात साबणानं धुऊन परत यायचा, आणि आल्यावर दोन्ही तळवे तिला दाखवायचा. तिला हसू यायचं. हरिदास तिचं सगळं ऐकायचा.

बाटल्यांचं तेवढं त्याच्या जिवावर आलं होतं.

अ‍ॅसिडच्या रिकाम्या बाटल्यांना या मुलखात फार मान. जाड काच, घट्ट बूच. मोहाच्या टोळीचं तेल त्यात खवट होत नाही, मधाला मुंग्या लागत नाहीत. देशकर सरांच्या काळात एप्रिल संपता संपता त्या बाटल्या सायकलींच्या कॅरिअरवर बसून गावोगाव जायच्या. भाग्यश्रीनं तो रिवाज मोडला. बाटली रिकामी झाली की तीनदा धुवायची, मान फोडायची आणि लॅबमागच्या खड्ड्यात पुरायची. हरिदास हातोडी उचलायचा तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून पाहायच्या.

“बापा! काय बाई आहे. चांगली बाटली फोडते!”

ती हरिदासला समजावून सांगायची. घरात एका बाटलीत तेल, दुसऱ्या बाटलीत अ‍ॅसिड. बाहेरून दोन्ही सारख्या. अंधारात कुणी कोणती तोंडाला लावली तर? हरिदास मान डोलवायचा. पटलं म्हणून की मॅडम म्हणतात म्हणून, ते कळायचं नाही.

आणि कालचीच गोष्ट. जाताना तो दारात रेंगाळला.

“मॅडम, येक बाटली पायजे होती जी. येकच.”

“कशाला?”

“घरी पाहुने येऊन राह्यले उद्या. आमचा कुलदीप मास्तर झाला ना, मुलचेऱ्याकडच्या आश्रमशाळेत. गावातल्या मोठ्या मानसाइले चहाले बोलावलं. आमची जुनी बाटली फुटली.”

“हरिदासभाऊ, पेढे आणा, हार आणा. बाटली नाही मिळणार. तुम्हाला दिली की उद्या सगळं गाव दारात उभं राहील.”

हरिदास पायातली चप्पल सरळ करत उभा राहिला, मग गेला. चहाला बोलावलेल्या माणसांना बाटली कशाला लागते, हे विचारायचं तिच्या मनात आलं होतं. पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर होता. राहून गेलं.

आता ती व्हरांड्यात धावली. चौकीदार जंगू पायरीवर बसून दुपारच्या पेपरच्या घंटेची वाट पाहत होता.

“जंगूभाऊ, हरिदासभाऊ कुठं आहेत?”

“गेले ना मघाच. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली त्याइनं.” जंगू मिशीत हसला. “पिशवीत बाटली होती. धुऊन बिऊन, चकाचक! म्हनलं, मॅडमनं देली का? तर काईच बोलले नाई.”

“कशानं धुतली?”

“पान्यानं. इथीच, मोरीत. दोन डाव धुतली मायासमोर.”

दोनदा. साध्या पाण्यानं. तळाचा थर दोनदा धुऊन गेला असेल? गेला असेलही. वर्षानुवर्षं बसलेला थर, तो नसेलही गेला. आणि राहिलेला थर भरलेल्या पाण्यात दिवसभर हळूहळू विरघळत राहणार. ना वास, ना रंग. तिनं लूनाला पेडल मारलं. पहिल्या झटक्यात ती चालू झाली नाही, तेव्हा भाग्यश्रीच्या तोंडून अशी एक शिवी निघाली की जंगू उठून उभाच राहिला.

हरिदासच्या गावाचा, चिचटोल्याचा, रस्ता बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून जातो. ऊन मी म्हणत होतं. बोडीतलं पाणी आटून मधल्या डबक्यात म्हशी बसल्या होत्या, अंगणाअंगणात मोहफुलं वाळत होती आणि त्यांचा गोड, जड वास रस्त्यावर येत होता. भाग्यश्री मनाशी वाक्यं जुळवत होती. ‘ते पाणी पिऊ नका, त्यात विष आहे.’ हे एक सरळ वाक्य होतं. खरं होतं. पण ते चार लोकांसमोर म्हटलं की पुढं काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती शहरातली नव्हती, मूल तालुक्याकडच्या गावातली होती. खोब्रागड्याच्या घरी पाहुण्यांच्या पाण्यात विष निघालं, एवढं एक वाक्य गावात सुटलं की ते माणसापेक्षा जास्त जगतं. हरिदासचं नाव जाईल. ज्या पोराच्या नोकरीसाठी हा सगळा थाट, त्या पोराचंही जाईल. आणि न म्हणावं तर एखाद्याचा जीव जाईल. आपल्याच बाटलीनं, आपल्याच हलगर्जीपणानं!

बौद्धांचा मोहल्ला गावाच्या उगवतीला. हरिदासचं घर दुरून ओळखू आलं, कारण दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि ओसरीवर माणसं बसली होती. लूना अंगणात शिरली तसे सगळे वळले.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दोन्हींना ताजे हार. मधोमध सरपंच मनसारामभाऊ मांडी घालून बसलेले, त्यांच्या बाजूला हेमराज गुरुजी, रिटायर झालेले हेडमास्तर, मग आणखी दोघं-तिघं. कोपऱ्यात नव्या शर्टातला कुलदीप. आणि हरिदास उभा होता. त्याच्या डाव्या हातात ताट, ताटात काचेचे रिकामे गिलास. उजव्या काखेत बाटली. बाटलीला गार राहावी म्हणून ओलं फडकं गुंडाळलेलं.

अजून कुणाला दिलेलं नव्हतं. भाग्यश्रीनं लूना स्टँडला लावली.

हरिदासनं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. काखेतली बाटली त्यानं नकळत अंगाशी धरली. तिला कळलं. त्याला वाटत होतं, मॅडम चोरी पकडायला आल्या. सगळ्या गावासमोर, पोराच्या सुखाच्या दिवशी.

पण माणूस घरंदाज. पाहुणा दारात आला की आधी पाहुणा.

“या जी मॅडम, या! कुलदीप, खुर्ची आन.” त्यानं मनसारामभाऊंकडं पाहिलं. “ह्या आमच्या कॉलेजच्या मॅडम. पहिला गिलास मॅडमले.”

आणि त्यानं तिथंच, सगळ्यांच्या देखत, गिलास भरून तिच्यापुढं केला.

तिनं तो घेतला. गार होता, हरिदासच्या ओल्या बोटांचे ठसे त्यावर उमटले होते. पाणी नितळ, बोडीच्या उन्हातून आलेल्या माणसानं गटागटा प्यावं असं. सगळे तिच्याकडं पाहत होते. मॅडम प्यायल्या की बाकीच्यांचा नंबर. हेमराज गुरुजी म्हणाले, “घ्या, मॅडम. कॉलेजच्या बाटलीतलं आहे. शुद्ध असतं.”

“हो,” भाग्यश्री म्हणाली. मग तिनं दुसरा हात पुढं केला. “बाटली पण द्या, हरिदासभाऊ. मी आधी बाईंना भेटून येते. तुमच्या घरी पहिल्यांदा आले आणि बाईंना न भेटता पाणी कसं पिऊ?”

हरिदासच्या हातातून बाटली तिनं जवळजवळ ओढूनच घेतली. तो तिच्या तोंडाकडं पाहत राहिला, आणि त्या नजरेपुढं उभं राहणं तिला अवघड झालं. ती आत गेली.

स्वयंपाकघरात हरिदासची बायको बायनाबाई चुलीपाशी चहा करत होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम, पण अंगावर ठेवणीतलं लुगडं. मॅडम अशा एकदम आत आलेल्या पाहून ती गडबडून उठली.

“अगं माय! तुमी काऊन आत आल्या जी? तिथी बसा, मी चहा घेऊन येतो.”

“बाई,” भाग्यश्री अगदी हळू बोलली, “या बाटलीतलं पाणी घरात कुणी प्यालं का?”

“नाई.”

“नक्की? कुलदीप? लहान लेकरं?”

“नाई जी. आमी कायले पिऊन? ते पाहुन्याचं पानी. आमचं आमचं मडकं आहे ना.” बायनाबाईची नजर बाटलीवरून तिच्या चेहऱ्यावर गेली. “काऊन? का झालं?”

भाग्यश्रीनं हातातला गिलास बाटलीत उलटा केला, बूच घट्ट बसवलं आणि मगच श्वास सोडला. “याच्यात आधी एक औषध होतं. कडक. धुतल्यानं गेलं असेल, नसेलही. चूक माझी आहे, मी लेबल न लावता ठेवली. हरिदासभाऊंना माहीत नव्हतं.”

बायनाबाईनं पदर तोंडात कोंबला. तिला रडू फुटलं नाही, पण खाली बसली. चहा उतू जायला आला तो भाग्यश्रीनंच फडक्यानं धरून बाजूला घेतला.

“कुणाला सांगायचं नाही,” भाग्यश्री म्हणाली. “मी बाटली घेऊन जाते. पाहुण्यांना मडक्यातलं पाणी द्या. झालं.”

बायनाबाईनं ऐकून घेतलं. मग तिनं मान हलवली.

“मडक्यातलं नाई चालत, मॅडम.”

“का?”

“आमच्या मडक्यातलं कोन पिते जी?” ती इतक्या साध्या आवाजात बोलली की भाग्यश्रीला आधी कळलंच नाही. “चहा चालते. उकळलेला रायते ना. पानी नाई चालत. मातीचं भांडं, घरातलं, आमचा हात लागलेलं. काचेच्या बाटलीतलं चालते. कॉलेजची बाटली म्हनलं का कोनी काई बोलत नाई. ना त्याइची, ना आमची. देशकर सरानं देली होती, तवापासून सरपंच येवो का गुरुजी येवो, सारे प्याले आमच्या घरी पानी. ते फुटली मागच्या महिन्यात. हे म्हने, मॅडमले मागतो. मागतली का नाई त्याइनं?”

“मागितली,” भाग्यश्री म्हणाली.

वर्षभर फुटलेल्या बाटल्या तिला आठवल्या. प्रत्येक वेळी हरिदास हातोडी उचलण्याआधी जरा थांबायचा. तिला वाटायचं, फुकटची वस्तू हातची जाते म्हणून जीव तुटतो माणसाचा. तसं तिनं स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितलंही होतं.

आणि आठवला एक गिलास. मूलकडच्या तिच्या स्वतःच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरी, ओसरीच्या वळचणीला, छपराचे कवेलू आणि बांबू यांच्या मधल्या फटीत एक काचेचा गिलास खोचलेला असायचा. बौद्ध मोहल्ल्यातलं कोणी दुपारचं पाणी मागायला आलं की तिची आई चंदाबाई वरून धार धरायची. पिणारा पिऊन झाला की गिलास धुऊन आपल्या हातानं परत तिथं खोचायचा. हा कुणाचा गिलास, असं लहानपणी भाग्यश्रीनं विचारलं होतं. ‘येनाऱ्या-जानाऱ्याचा,’ आई म्हणाली होती. तिला ते पटलं होतं. इतकी वर्षं ते पटलेलंच होतं, पुन्हा काढून पाहायची वेळच आली नव्हती. तिला स्वतःची शरम वाटली, आणि आईचीही. आणि आईची वाटली म्हणून वाईटही वाटलं.

बाहेरून मनसारामभाऊंचा आवाज आला. “अरे हरिदास, पानी पाजतं का नाई बावा? का मॅडमच सारं पिऊन टाकते?”

लोक हसले. हरिदास हसल्याचं ऐकू आलं नाही.

भाग्यश्रीनं बाटली फडक्यासकट आपल्या खांद्यावरच्या पिशवीत घातली, तो गिलासही घातला. मडकं कोपऱ्यात तिवईवर होतं, तोंडावर पितळी ताटली, ताटलीवर गडवा पालथा. तिनं गडवा उचलला.

“थांबा जी, तुमी नोका हात घालू, मी देतो—” बायनाबाई उठलीच.

“राहू द्या, बाई. मले तहान लागली.”

वर्षभर कॉलेजात ती असं बोलली नव्हती. आपल्या घरची बोली लेक्चररला शोभत नाही असं तिचं तिनंच ठरवलं होतं. आता ती आपसूक आली आणि तिला बरं वाटलं. गडवा मडक्यात बुडवून ती भरल्या गडव्यानिशी दारात आली, चौकटीत उभी राहिली, जिथून ओसरीवरच्या सगळ्यांना ती दिसेल, तिच्या मागचं मडकंही दिसेल. आणि वरून धार न धरता, गडव्याला तोंड लावून प्यायली. खरंच तहान लागली होती. पाणी हनुवटीवरून ओघळलं, पदरावर पडलं.

“बापा, काय गार पानी आहे हो बाई तुमच्या मडक्याचं,” ती तोंड पुसत म्हणाली. “बाटलीतलं गरमट लागलं असतं. मले तं मडक्याचंच पायजे.”

ओसरीवर कुलदीप भिंतीपासून पाठ सोडून सरळ बसला.

ती आत गेली, दुसरा गडवा भरला, आणि तो घेऊन बाहेर आली. हरिदास अजून ताट धरून उभा होता. तिनं एकेक गिलास भरला. मग मनसारामभाऊंसमोर वाकून त्यांच्यापुढं एक धरला.

मनसारामभाऊंनी गिलासाकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

“मॅडम कोन गावच्या म्हनल्या?”

याचा अर्थ काय, ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

“मूलकडची आहो, भाऊ. ढिवराची पोरगी. बाप तलावावर जाळं टाकते माह्या.”

“हं,” सरपंच म्हणाले. तिनं धरलेला गिलास दोघांच्या मधे तसाच होता. हरिदास जमिनीकडं पाहत होता. आपल्या दारात, आपल्या पोरासमोर, आपल्या मडक्यातलं पाणी कोणी घेतं की नाही, हे पाहायची त्याची छाती झाली नाही. मनसारामभाऊंनी एकदा कुलदीपकडं पाहिलं, घसा खाकरला.

“ऊन लई आहे आज,” ते म्हणाले, आणि गिलास घेऊन प्यायले. सगळा. रिकामा गिलास ताटात ठेवला, मिशा पुसल्या. “अजून आन.”

मग बाकीच्यांनीही घेतलं. हेमराज गुरुजींनी मात्र हात जोडले. त्यांचा उपास होता. पाणीही न चालणारा हा उपास कोणता, हे कुणी विचारलं नाही; मागाहून चहा आला तो मात्र त्यांना चालला. भाग्यश्रीनं त्यांच्यापुढचा गिलास उचलला आणि कुलदीपला दिला. तो गुरुजींकडं पाहतच प्यायला.

ती निघाली तेव्हा हरिदास लूनापर्यंत आला. पिशवीतून डोकावणारं फडकं त्यानं पाहिलं.

“मॅडम, मी चोरली बाटली. तुमी सर्व्याइसमोर काई बोलल्या नाई…”

“उद्या लॅबमध्ये बोलू,” ती म्हणाली. “आज पाहुण्यांकडं बघा.”

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. कॉलेज रिकामं होतं. तिनं हातमोजे चढवले, त्यालाही दिले, आणि बाटलीतलं थोडं पाणी परीक्षानळीत ओतलं.

“काय दिसतं?”

“पानी आहे जी.”

“वास?”

हरिदासनं तिनं शिकवल्याप्रमाणे नळी दूर धरून हातानं वारा घेतला. “काईच नाई.”

तिनं स्टॅनस क्लोराइडचे थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. आणखी थोडे थेंब. पांढरं करडं झालं, करड्याचं काळपट, आणि काळा गाळ हळूहळू तळाशी बसू लागला.

“हा पारा,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हरिदास मॅडमसमोर किंवा सरांसमोर कधी बसला नव्हता. तो स्टुलावर बसला. नळीकडं पाहत राहिला.

“मनसारामभाऊचा गिलास भरनारच होतो मी. तुमी दोन मिनटं उशिरा आल्या असत्या तं…”

“आले ना पण.”

“आमच्या घरी, मॅडम. आमच्या घरी झालं असतं हे.”

“माझ्यामुळं झालं असतं,” ती म्हणाली. “लेबल मी लावलं नव्हतं. ते मी प्रिन्सिपॉल सरांना आज लिहून देणार आहे. तुमचं नाव त्यात नाही.”

त्यानं डोळे पुसायला हात वर नेला, हातमोजा पाहून मधेच थांबवला, आणि खांद्यानं डोळे पुसले. भाग्यश्रीनं नळी स्टँडवर ठेवली. बाटलीला बूच बसवून वरून मेण ओतलं आणि ते हसऱ्या कवटीचं लेबल चिकटवून अंगठ्यानं चारी बाजूंनी नीट दाबलं.

“ही फोडायची नाही. ही कुलपात.”

“हाव जी.” त्यानं बाटली दोन्ही हातांनी उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावून ओढून पाहिलं. मग हातमोजे काढून साबणानं हात धुतले आणि सवयीनं दोन्ही तळवे तिला दाखवले. ती हसली. तोही हसला.

व्हरांड्यात खोक्यात आजच रिकाम्या केलेल्या दोन बाटल्या होत्या. त्यानं हातोडी घेतली आणि तिकडं निघाला. दाराशी थांबला.

“मॅडम, बाजाराच्या दिवशी थोडा उशीर होईल मले. मडकं घ्याचं आहे. मोठं.”

“काऊन? आहे ना तुमच्या घरी चांगलं?”

“ते आतलं,” हरिदास म्हणाला. “हे ओसरीत ठेवतो.”

तो पायऱ्या उतरून खड्ड्याकडं गेला. थोड्या वेळानं मागून काच फुटल्याचा आवाज आला. या खेपेला हातोडी मधे थांबली नव्हती.